झाकणातला अंगठा

आमच्या बेटावर, डोंगरातल्या लॉगवूड गॅप या खेड्यात कोणी नवीन राहायला आलं की आठवड्याच्या आत त्याला ही बातमी कळते: मिस आयोनी पार्चमेंटने मास कथबर्ट ओताऱ्याची (मास म्हणजे आमच्यात दादा) भट्टी रागाच्या भरात पेटवून दिली. कारण काय, तर जंक्शनच्या बाजारात टोपल्या विकणारी एक बाई कथबर्टला फुकट आंबे द्यायची. कोणी म्हणतं आयोनीने रॉकेल ओतलं, कोणी म्हणतं मंत्र घातला. मंत्रवाल्यांकडे पुरावासुद्धा आहे: ती आग पांढरी होती. साधी आग कधी पांढरी असते का?

आग पांढरी होती, हे खरं. बाकीचं गावाने पदरचं घातलेलं. भट्टी जळली नाही, तिच्यावरचे दोन पत्रे तेवढे उडाले. टोपलीवाली बाई कथबर्टची मावसबहीण, वय वर्षं सत्तर, आणि ती फुकटात कोणाला आंब्याची कोयसुद्धा द्यायची नाही. राहता राहिलं रॉकेल. ते वाया घालवणाऱ्यातली आयोनी नव्हेच. दिव्याची वात ती इतकी बारीक ठेवायची की तिच्या घरी जेवायला गेलेल्याला ताटात काय आहे ते चवीवरूनच ओळखावं लागे.

आता मास कथबर्टच्या अंगणात केळी लावल्या आहेत आणि शेजारच्या बकऱ्या तिथे बिनदिक्कत हिंडतात. पण एकोणीसशे सत्त्याहत्तर साली त्या पत्र्याच्या कुंपणाआड जाण्याची बकरीचीही छाती नव्हती. त्या दिवसांत गॅपमधली सकाळ कोंबडा आणत नसे, कथबर्टचा घण आणत असे. खिडक्यांच्या चौकटी, मोटारींच्या इंजिनातले दट्टे, वाकडे दिवे, दवाखान्यातले फुटके ट्रे, असलं सगळं अ‍ॅल्युमिनियमचं भंगार तो फोडत बसायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी भट्टी पेटायची. लोणारी कोळशाचा धूर निघाला की बायका दोरीवरचे कपडे ओढून आत नेत आणि त्याच्या नावाने बोटं मोडत. शनिवारी त्याच बायका बाजारात त्याच्याच भांड्यांना कान लावून बघत उभ्या.

भांडं म्हणजे डची. जाड बुडाची, पोट सुटलेली, दोन कानांची, आणि झाकण असं घट्ट बसणारं की आतली वाफ बाहेर यायला परवानगी मागेल. खोबऱ्याच्या दुधातला राजमा-भात डचीत शिजला नाही तर तो रविवारचा भातच नव्हे. कथबर्ट जुनीच एक डची साच्यासाठी वापरायचा. ओलसर वाळूत ती दाबून बसवायची, अलगद उचलायची, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. झाकणाच्या साच्यात मात्र शेवटी तो आपला उजवा अंगठा दाबायचा. आल्याच्या कुडीसारखा जाड, गाठाळ अंगठा. झाकण ओतून निघालं की त्याच्या आतल्या अंगाला, बरोबर मध्ये, तेवढाच एक उंचवटा.

"वाफ तिथे जमते आणि थेंबाथेंबाने भातावर पडते," असं आयोनी गिऱ्हाइकाला सांगायची.

"माझी सही आहे ती," कथबर्ट म्हणायचा. "लिहिता आलं असतं तर पेनाने केली असती."

त्याचा रस जमवण्याचा बेत ठरलेला होता. दोन वाटे चौकटी, एक वाटा दट्टे. नुसत्या दट्ट्यांचा रस पाण्यासारखा पळतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो, पण भांडं हातून पडलं की तडकतं. नुसत्या चौकटींचं भांडं मऊ, जरा आदळलं की पोचा. "एकटा दट्टा माजतो, एकटी चौकट रडते," तो सांगायचा. "दोघांना एकत्र कोंडलं की मग संसाराला लागतात."

आणि ती चौकट हातात घेऊन तो दरवेळी हसायचा. आमच्या डोंगराची लाल माती, जिच्यातून अ‍ॅल्युमिनियम निघतं, कंपनी खणून नेते, तिची पांढरी भुकटी करते, भुकटी जहाजात बसून कुठल्याशा थंडीच्या देशात जाते. काही वर्षांनी तीच माती खिडकीची चौकट होऊन परत येते, एखाद्या वादळात मोडते आणि कथबर्टच्या पोत्यात पडते. "ये गं बाई, आलीस घरी," असं म्हणून तो तिला मुशीत टाकायचा.

आयोनी तेव्हा चाळिशीची. गेली बारा वर्षं कथबर्टबरोबर राहत होती, लग्नाशिवाय. चॅपलाचे कारभारी डीकन स्वाबी दर नाताळाला तिला त्याची आठवण करून द्यायचे आणि ती दर नाताळाला म्हणायची, "अंगठी आणा, डीकन. तोवर मी पाव कापते." भांडी तो करायचा, विकायची ती. डोक्यावर चार डच्या एकात एक घालून आमच्या बेटावरच्या सांताक्रूझच्या बाजारापर्यंत ती मान न हलवता जायची. वाटेत कोणी वाकडं बोललं की उत्तर द्यायला तोंड तेवढं वळायचं, डच्या जागच्या जागी.

त्या वर्षीच्या मे महिन्यात एका सकाळी कथबर्टने चहा ओतला तो कपाच्या शेजारी. टेबलावरून चहा त्याच्या पायावर गळला तेव्हा कुठे त्याला कळलं. आयोनीने कप चार बोटं पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी तिने निळ्या कपाऐवजी पांढरा कप काढला. तिसऱ्या दिवशी तिने खुर्च्या हलवायचं बंद केलं. महिनाभराने मॅन्डेव्हिल शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिने ऐकलं, कथबर्टने ऐकलं, आणि बसमधून परतताना दोघं पावसावर बोलत आली. डोळ्यांच्या मागची नस सुकत चालली होती. उजेड-अंधार कळेल, माणसाचा आकार कळेल, बाकीचं हळूहळू जाईल.

आयोनीला धास्ती डोळ्यांची नव्हती. धास्ती गावाची होती. खालच्या गावातल्या मास ऑस्बर्न सुताराचा हात थरथरतो अशी कुणकुण लागली तेव्हा लोकांनी त्याची खुर्ची घ्यायचं बंद केलं. बसलो आणि मोडली तर? मग तो स्वतःच्याच खुर्चीवर ओसरीत बसला आणि वर्षाच्या आत तिथेच गेला. ओतारी आंधळा झालाय हे एकदा कळलं की कथबर्टचंही तेच होणार. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. वाचता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, आणि गाणं तर देवानेही ऐकू नये असं. होतं ते एवढंच, की पॅरिशभरातल्या, म्हणजे अख्ख्या परगण्यातल्या, चुलींवर त्याचा अंगठा होता.

म्हणून तिने ठरवलं, कळू द्यायचं नाही.

नेमकी तेव्हाच चर्चची मागणी आली. ऑगस्टच्या पहिल्या सकाळी, गुलामी संपल्याचा दिवस म्हणून, आमच्या बाप्टिस्ट चॅपलात पहाटेची प्रार्थना आणि मग सगळ्या गावाला बोकडाचं जेवण असतं. जुनं मोठं भांडं चिरलं होतं. डीकन स्वाबींनी बारा नंबरची डची सांगितली. बारा नंबर म्हणजे ज्यात लहान मूल आंघोळ करील. इतकी मोठी डची कथबर्टने आयुष्यात दोनदाच ओतली होती.

"जमेल ना, मास कथबर्ट?" डीकननी विचारलं. "नाहीतर किंग्स्टनहून आणतो. हल्ली तुमची पावलं जरा जपून पडतात म्हणे."

"पावलांनी ओतत नाही मी," कथबर्ट म्हणाला.

ऑगस्टला दहा दिवस उरले असताना ते घडलं. पोस्टातल्या बाईंची गोल पाठीची गाडी, जिचं इंजिन मागच्या बाजूला असायचं, ती अखेर मोडीत निघाली होती आणि तिच्या इंजिनाचं कवच कथबर्टकडे आलं होतं. त्याने ते घणाने फोडलं. तुकडा हातात तोलला. हलका, अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका. डोळस माणसाने त्याचा काळसर राखी रंग, वरची खडूसारखी भुकटी पाहून तो बाजूला ठेवला असता. कथबर्टने फक्त वजन पाहिलं आणि तो खूश झाला. बाजारातल्या बायकांची एकच तक्रार असायची, की मोठी डची उचलवत नाही. त्याला वाटलं, या धातूने भांडं हलकं होईल. त्याने रस तापत असलेल्या मुशीत ते तुकडे टाकले.

सकाळचे दहा वाजले असतील. कुंपणाच्या फटींतून असा उजेड बाहेर आला की शेजारचे कोंबडे पुन्हा एकदा आरवले. पांढराशुभ्र, बघवत नाही असा. लोक धावले. आणि धावलेल्यांपैकी एका हुशार तरुणाने हातातली पाण्याची बादली थेट मुशीवर रिकामी केली. त्याचं नाव इथे देण्यात अर्थ नाही. तो अजून जिवंत आहे आणि अजून आयोनीच्याच डचीत भात शिजवतो.

पाणी पडलं आणि आग विझायच्या ऐवजी फुटली. मोठा आवाज झाला, वरचे दोन पत्रे उडून एक पेरूच्या झाडावर अडकला, दुसरा डीकनच्या मक्यात जाऊन पडला. कथबर्ट भिंतीला टेकून उभा होता, तोंड उजेडाकडे, हात पुढे, आणि त्याला कुठे पळावं ते कळत नव्हतं. हे आयोनीने पाहिलं. दुसरं कोणी पाहू नये म्हणून ती मध्ये घुसली, एका हाताने त्याला मागे ढकललं आणि दारात वाळत पडलेली कोरडी लाल माती फावड्या-फावड्याने मुशीवर टाकत सुटली. टाकता टाकता ती बादलीवाल्याला अशा शिव्या देत होती की त्यातल्या दोन त्याने पुढे आयुष्यभर वापरल्या. माती साचत गेली तशी आग घुसमटली.

मग धुरात सगळे उभे आणि मध्ये डीकन, हातात आपल्या मक्यातला पत्रा घेऊन.

"कोणी टाकलं ते आत?"

कथबर्टने तोंड उघडलं. आयोनी त्याच्या आधी बोलली.

"मी."

"तू?"

"हा कोळसा आणायला मागे गेला होता. मला वाटलं, हलकं दिसतंय, छान वितळेल."

"भट्टीला हात लावायला तुला सांगितलं होतं कोणी?"

"मला कोणी सांगायची वाट बघत बसले असते, डीकन, तर तुमच्या चॅपलात गेली बारा वर्षं झाडू कोणी मारला असता?"

लोक हसले. हसू आलं म्हणजे विश्वास बसला. घरी जाईपर्यंत गोष्ट तयार झाली, संध्याकाळपर्यंत तिच्यात आंबे आले, आणि रविवारपर्यंत रॉकेल.

संध्याकाळी कथबर्ट पायरीवर बसून होता. "का बोललीस असं?"

"माझं नाव आधीच खराब आहे. लग्नाशिवाय राहते. त्यावर आणखी एक डाग पडला तर कोणाला दिसतोय?"

"चूक माझी होती."

"हो, होती. जेव आता. मासा ताटात तुझ्याकडच्या बाजूला आहे."

दुसऱ्या दिवशी डीकन आले ते अट घेऊन. मागणी कायम राहील, कारण भांडं ओतणारा हात कथबर्टचा आहे आणि तो हात अख्ख्या पॅरिशला माहीत आहे. पण आयोनीने भट्टीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. भांडं ओतलं जाईल त्या दिवशी ते स्वतः येऊन बघणार. आयोनीने मान हलवली. डीकन गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीत लाकडं सारू लागली. तिच्या त्या एका खोट्याने कथबर्टचं नाव वाचलं होतं, आणि आता त्याच खोट्यापायी बारा नंबरची डची त्याला एकट्याने ओतायची होती.

पहिलं काम धातू निवडण्याचं. ती शाळेत टीचर मॉक्समकडे गेली, फडक्यात त्या कवचाचा एक तुकडा घेऊन. शाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा एक तक्ता होता, कडा वाळवीने खाल्लेला.

"हे मॅग्नेशियम," टीचर म्हणाल्या. "अ‍ॅल्युमिनियमच्या एक घर डावीकडे. बघ, इथे."

"शेजारी आहेत?"

"भिंतीला भिंत. पण या तक्त्यात डावीकडे जावं तसा धातूपणा वाढत जातो. धातूपणा म्हणजे आपल्याजवळचं देऊन टाकायची घाई. एकेका ओळीत जो जितका डावीकडे तितका तो उधळा. खालच्या ओळीत गेलं की अजूनच. आणि उजवीकडचे घ्यायला टपलेले."

"म्हणजे डीकन उजवीकडे."

टीचरनी दाराकडे बघून घेतलं. "उजवीकडे. पण अगदी शेवटच्या रांगेत नाही. शेवटच्या रांगेतले काही देतही नाहीत, घेतही नाहीत, कोणात मिसळतच नाहीत."

"मग तिथे आपले धर्मगुरू, पार्सनसाहेब. आणि हे अ‍ॅल्युमिनियम? ते का नाही पेटत?"

"ते काही कमी तापट नाही. पण हवा लागली रे लागली की अंगावर एक पातळ साय धरतं. दिसत नाही ती. तिच्यामुळे आतलं शाबूत राहतं."

"आणि घासून काढली तर?"

"लगेच परत धरते."

आयोनीने तुकडा फडक्यात बांधला. "मग डोळ्यांनी न बघता ही दोन भावंडं ओळखायची कशी?"

टीचरनी तिच्याकडे नीट बघितलं. "व्हिनेगर आहे घरात?"

व्हिनेगर नसलेलं घर आमच्याकडे असतं का? तळलेल्या माशावर कांदा-मिरची घालून ओतायला लागतंच. त्या आठवड्यात कथबर्ट पोती घेऊन स्वयंपाकघरात यायचा आणि आयोनी एकेका तुकड्यावर, जरा खरवडून, व्हिनेगरचा थेंब टाकायची. थेंब गप्प बसला तर अ‍ॅल्युमिनियम, पोत्यात. फसफसून फेस आला तर मॅग्नेशियम, दाराबाहेर. कथबर्ट तुकडा कानाशी धरून ऐकायचा. चार दिवसांत तो फसफस तिच्या आधी सांगायला लागला. घरभर आंबट वास, आणि गावात नवी बातमी: आयोनीला पश्चात्ताप झालाय, म्हणून रोज मासे तळून त्याची मनधरणी करतेय.

ओतायचा दिवस शुक्रवार होता. आयोनी फाटकाच्या बाहेर लाकडी खोक्यावर बसली, मांडीवर कसावाचा कंद आणि किसणी. तिच्या डोळ्यासमोर पत्र्याला खिळ्याचं एक जुनं भोक होतं. डीकन आले, शेजारपाजार आला, बादलीवाला तरुण आला, या वेळी रिकाम्या हाताने. फाटकाच्या आत कोणाला सोडायचं नाही असं कथबर्टने सांगितलं होतं: गर्दीने रस बिथरतो. हेही त्याला आयोनीनेच शिकवलं होतं.

आता आमच्या चॅपलातली एक रीत. पुस्तकं थोडी आणि वाचता येणारे त्याहून थोडे, म्हणून एकाने स्तोत्राची ओळ आधी मोठ्याने म्हणायची, मग सगळ्यांनी ती सुरात गायची. ओळ सांगायला आयोनीसारखं कोणी नव्हतं. आणि एकदा ओळ सांगितली गेली की ती न गाता सोडणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं.

आत कथबर्टने वाळलेली काठी रसात बुडवून बघितली. काठीला चिकटत नाही, म्हणजे रस तयार. दिवसाउजेडी अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, तेव्हा इथवर डोळसालाही डोळ्यांचा उपयोग नसतो. लांब दांड्याची मोठी पळी त्याने दुबेळक्या खुंटीवर टेकवली. आता तिचं तोंड साच्याच्या नसराळ्यावर आणायचं होतं. आयोनीने किसणी थांबवली, मान वर केली आणि संथ, दुःखी चालीत ओळ सांगितली:

"समुद्राकडे वळ रे भावा, समुद्राकडे चार बोटं."

डीकन चपापले. त्यांना हे स्तोत्र आठवेना. पण ओळ सांगितली गेली होती. त्यांनी खर्जात सुरुवात केली, आणि पाठोपाठ सगळा शेजार: समुद्राकडे वळ रे भावा, समुद्राकडे चार बोटं. आत पळी चार बोटं समुद्राकडे सरकली.

"फार झालं, फार झालं, डोंगर तुला बोलावतो."

फार झालं, फार झालं, गाव गायलं. पळी केसभर मागे आली.

"आता झुकव, आता झुकव, आणि मध्ये थांबू नको."

हे कडवं लोकांना इतकं आवडलं की त्यांनी ते पाच वेळा म्हटलं. ते बरंच झालं. बारा नंबरला रस एका दमात जावा लागतो, मध्ये हात थांबला तर भांड्याच्या पोटावर शिवण राहते आणि पहिल्याच आचेला ते उकलतं. पाचव्यांदा म्हणून होईस्तोवर रस साच्याच्या दुसऱ्या तोंडातून वर आला आणि गरम वाळूचा वास बाहेरपर्यंत पसरला.

"कुठल्या पुस्तकातलं हे?" डीकननी डोळे पुसत विचारलं.

"जुन्या," आयोनी म्हणाली आणि कसावा किसू लागली. तिच्या बोटांची सालं निघाली होती. कंद केव्हाच संपला होता.

दुसऱ्या दिवशी कथबर्टने साचा फोडला आणि भांड्याच्या पोटावरून तळहात फिरवला, एकदा, मग उलट बाजूने पुन्हा. शिवण नव्हती. झाकणात अंगठा होता, आल्याच्या कुडीएवढा. ऑगस्टच्या पहिल्या सकाळी त्या डचीत दोन बोकड शिजले, आणि डीकननी प्रार्थनेआधी ते नवं स्तोत्र म्हणायला लावलं. आमच्या चॅपलात ते अजून म्हणतात. पार्सन तीन बदलले, पण चार बोटं म्हणजे काय हे कोणी विचारलेलं नाही.

त्यानंतर कथबर्ट आठ वर्षं जगला. अट डीकन विसरले, किंवा बोकड खाऊन विसरल्यासारखं केलं. गिऱ्हाईक आलं की कथबर्ट फाटकात बसून, डोळे मिटून, बोटाच्या पेराने भांडं वाजवायचा आणि सांगायचा, "हे पक्कं." लोक म्हणायचे, बघा, डोळे उघडावे लागत नाहीत, काय कसब! घण तो मारायचा, वाळू तो चोपायचा. पत्र्याआड पळी कोण धरतंय ते बघायला कोणी गेलं नाही. गाणं मात्र ऐकू यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्या अंगणातून एक बाईचा आवाज आणि त्यामागून एक अत्यंत बेसूर पुरुषी आवाज, ओळीमागून ओळ. आता त्या दिशेने नुसता केळीच्या पानांचा आवाज येतो, आणि कधी मंगळवारी सकाळी, दोरीवर कपडे घालताना, बायकांचे हात उगाच थांबतात.

तो गेल्यावर आयोनीने बाजारात सांगितलं की त्याने बऱ्याच डच्या आधी ओतून ठेवल्या आहेत. मेलेल्या माणसाच्या त्या डच्या पुढे चार वर्षं संपेनात. एवढ्याशा खोपटात त्या कुठे रचल्या होत्या, आणि मंगळवारी-शुक्रवारी अजून धूर कसला निघतो, हे विचारायचं गावातल्या एकाही चौकस जिभेला सुचलं नाही. मग परदेशी पातळ भांडी आली, काळ्या बुडाची, ज्यांना काही चिकटत नाही आणि ज्यांच्यात काही नीट शिजतही नाही. भट्टी थांबली.

परवाच्या रविवारी पलीकडच्या कुंपणाचा शेजारी भांडी घासत होता. बायको माहेरी गेली होती, नाहीतर हा शोध लागला नसता. एक झाकण त्याच्या आईच्या डचीचं, जुनं. दुसरं त्याने स्वतः कथबर्टच्या मरणानंतर दोन वर्षांनी घेतलेल्या डचीचं. दोन्ही उन्हात उताणी ठेवली तेव्हा त्याला दिसलं. एकात आल्याची कुडी, दुसऱ्यात जेमतेम पावट्याचा दाणा. तो दोन्ही झाकणं दोन हातांत घेऊन कुंपणापाशी गेला. मिस आयोनी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. डोक्यावरचे केस आता तिच्याच डच्यांच्या रंगाचे झालेत.

"मिस आयोनी," तो म्हणाला, "मेल्यावर माणसाचा अंगठा आटतो का हो?"

तिने झाकणांकडे बघितलं. एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

"म्हणजे शेवटी शेवटी तुम्हीच ओतत होता," तो म्हणाला. एकदा सुटलेली जीभ त्याला आवरता येत नाही, आणि बोलता बोलता त्याला पुढचंही उमगत गेलं. "आणि त्या दिवशी ते पांढरं पेटलं, ते तुकडेही त्यानेच टाकले होते ना? म्हणूनच तो डोळे मिटून भांडी वाजवायचा, त्याला दिसत नव्हतं! इतकी वर्षं गाव तुम्हाला आग लावणारी म्हणतंय, आणि तुम्ही एकदासुद्धा बोलला नाहीत?"

मिस आयोनीने मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाली, "पेटत्या मुशीवर बादली ओतणाऱ्याने मला आगीबद्दल विचारू नये. आंधळा माणूस डच्या ओततो आणि बाई त्याला ओळी सांगते, असं मी तेव्हा फाटकात उभी राहून सांगितलं असतं, तर तुझ्या आईने पुन्हा आमची डची घेतली असती? नसती घेतली. मग तू आज काय घासत बसला असतास, तुझं तोंड? जा, ज्याचं झाकण त्याच्यावर ठेव. आणि माझी व्हिनेगरची बाटली परत आण, गुड फ्रायडेला नेलीस ती."